कान-ड्यूटी

वेगवेगळ्या आवडीची चार माणसं एका खोलीत बसवा आणि त्यांच्यावर एक मोठ्या आवाजाचा मालक नेमा. किस्से मग गोळा करावे लागत नाहीत, कोपऱ्यात भंगार साठावं तसे आपोआप साठत जातात. आम्ही जुने सहकारी आजही कुणाच्या लग्नात भेटलो की अक्षता पडेपर्यंत कसाबसा दम धरतो. पंगतीत बसलो की पहिला घास तोंडात जायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "ती दोरी आठवती काय?" मग जिलेबी राहते बाजूला!

आमचं ऑफिस कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका फौंड्रीच्या मशीनशॉपवर. खाली लेथ आणि ग्राइंडरची घरघर, वर आम्ही चौघं ड्रॉइंग काढणारे. मी सुनंदा, डिप्लोमा करून नव्वदच्या सुमाराला तिथं लागले. माझ्या शेजारी शिवलीला, गडहिंग्लजकडची, घरी कानडी बोलणारी आणि ऑफिसात जवळपास काहीच न बोलणारी. समोर रणजित, गडमुडशिंगीहून मोटरसायकलवर यायचा आणि शिवलीलाच्या वाटणीचंही तोच बोलायचा. खिडकीपाशी मुरगूडचे चौगुले मामा, आमच्यात सगळ्यात सीनियर. मामांनी तपासून सही केल्याशिवाय एकही ड्रॉइंग खाली शॉपवर जात नसे. आणि मालक म्हणजे अण्णा.

*

अण्णांची निम्मी हयात भट्टीशेजारी गेलेली. हळू बोलतात ते आजारी माणसं, अशी त्यांची समजूत होती. काचेच्या केबिनमधून ते हाक मारायचे आणि ती हाक खालच्या ग्राइंडरवाल्यालाही ऐकू जायची.

एकदा कुणीतरी त्यांच्या गळ्यात इंटरकॉम मारला. "आता हाका बंद! बटण दाबायचं आन् बोलायचं!" हे त्यांनी आम्हाला ओरडूनच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ते बटण दाबून ओरडायला लागले. त्यांचा आवाज काचेतून आधी यायचा, इंटरकॉममधून नंतर.

एक दिवस ते पेठ वडगावच्या एका पार्टीशी फोनवर बोलत होते. रणजित मान वर न करता म्हणाला, "बिल कशाला वाढवालेत? खिडकी उघडली तरी वडगावात ऐकू जातंय की!"

*

तेव्हा ऑफिसात एकच टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्यावरून रोज भांडणं. मामांना पखवाजाच्या साथीतलं भजन लागायचं, रणजितला मिरवणुकीत नाचायची गाणी, मला जुनी हिंदी, आणि शिवलीलाला कानडी वचनं. अर्थात हे तिनं कधी सांगितलं नव्हतं, तिच्या पर्समधली कॅसेट आम्ही बघितली होती.

शेवटी मामांनी न्याय केला. "एकानं कॅसेटची एकच बाजू लावायची. बाजू सपली की पुढचा माणूस. भांडायचं न्हाय."

सगळ्यांना पटलं. आठवडाभर सुखात गेला. मग एका सकाळी रणजितची गाणी सुरू झाली ती संपेचनात! चहा आला, चहा झाला, कपबशा परत गेल्या, तरी ढोल वाजतोच आहे. मामांनी उठून टेपचं झाकण उघडलं, कॅसेट डोळ्यांजवळ धरली आणि आम्हाला दाखवली.

"बघा. पावणं नव्वद मिन्टांची कॅसेट घिऊन आलेत!"

*

पुढं कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या मागोमाग हेडफोन. ज्याचं त्याचं गाणं ज्याच्या त्याच्या कानात. खोलीत इतकी शांतता पसरली की अण्णा दोनदा बाहेर येऊन बघून गेले. कुणी गेलंबिलं की काय, असा त्यांचा चेहरा.

पण रणजितच्या कानात हेडफोन आणि हेडफोनात क्रिकेटची कॉमेंट्री असली की काही खरं नसायचं. एकदा खालचा एक कामगार ओतकामाच्या साच्यासाठीचा नवीन लाकडी पॅटर्न छातीशी धरून जिना चढत होता. त्याच्या मागं अण्णा, "हळू, हळू" म्हणत. तेवढ्यात कुठल्याशा मैदानावर एक झेल उडाला आणि रणजित खुर्चीतून उठून ओरडला, "धर की रं! धर! धर!"

बिचारा कामगार एवढा दचकला की त्यानं होतं नव्हतं ते सोडलं. पॅटर्न थेट अण्णांच्या पायावर!

अण्णा एका पायावर उभे, कामगार भिंतीला चिकटलेला, आणि रणजितला यातलं काहीच ऐकू आलेलं नाही. तो आमच्याकडं वळून हळहळत म्हणाला, "सुटला ओ. एवढा सोपा हुता!"

*

त्या दिवशी सुजलेला अंगठा टेबलावर ठेवून अण्णांनी हुकूम काढला. "हितनं फुडं मी हाक मारली आन् कुणी ओ दिली न्हाय, तर ही सगळी यंत्रं भट्टीत टाकीन!"

अण्णा बोलले की करायचे, हे आम्हाला चांगलं माहीत होतं. म्हणून आम्ही कान-ड्यूटी लावली. आळीपाळीनं एकानं हेडफोन काढून बसायचं, अण्णांची हाक आली की ओ द्यायची आणि ज्याला बोलावलंय त्याला हलवायचं. हलवायला जागेवरून उठणं रणजितच्या जिवावर यायचं. त्यानं नायलॉनची दोरी आणून चारही खुर्च्या खालून बांधल्या. एक हिसडा मारला की सगळे जागे!

एकदा शिवलीलाची ड्यूटी होती. अण्णा एका नव्या पार्टीला ऑफिस दाखवायला घेऊन आले. ती घाबरली आणि तिनं दोरीला असा काही हिसडा मारला की आम्ही तिघं एकदम ताडकन उभे राहिलो. आम्ही उठलो म्हणून तीही उठली. शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर वर्ग उठतो तसं!

पार्टी बघतच राहिली. अण्णांची छाती फुगली. "आमच्याकडं शिस्त हाय," ते म्हणाले. त्या पार्टीनं पुढं कितीतरी वर्षं दुसऱ्या कुणाला काम दिलं नाही.

*

ही ड्यूटी मोडली ती मामांमुळं.

मामांच्या पाळीला अण्णांनी हाक मारली आणि ओ गेली नाही. मामा कान उघडे ठेवून, ड्रॉइंगवर पेन्सिल टेकवून शांत बसलेले. अण्णा तणतणत आले. "तंद्री लागलीती," म्हणून मामांनी वेळ मारून नेली. पुढच्या पाळीला पुन्हा तेच.

संध्याकाळी जिना उतरताना शिवलीला मला म्हणाली, "अक्का, मामांना ऐकू येत नाही."

मी हसले. मग हसू जागीच राहिलं, कारण एकेक आठवायला लागलं. फोन वाजला की मामा तो रणजितकडं सरकवायचे, "तू बोल, माझं हात भरलेत." आपण बोलताना ते डोळ्यांत बघत नसत, ओठांकडं बघत. आणि त्यांच्या हेडफोनातला पखवाज आम्हाला आमच्या टेबलावर ऐकू यायचा!

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. थोड्याच दिवसांपूर्वी अण्णांनी खालच्या क्रेनवाल्याला घरी बसवलं होतं, ऐकू कमी येतं म्हणून. "ज्याला हाक कळत न्हाय, त्यानं हितं थांबायचं न्हाय," असं सगळ्या शॉपसमोर सांगून. मामांची रिटायरमेंट अजून लांब होती, आणि ते टेबल सोडून मामा करणार तरी काय? त्यांना विचारायची कुणाची छाती झाली नाही. मामा रुबाबाचा माणूस. आम्ही विचारलं असतं तर त्यांनी स्वतःच राजीनामा दिला असता.

तोड काढली रणजितनं. "एकालाच ऐकू येईना तर दिसून येतंय. कुणालाच ऐकू येईना तर काय दिसणार?"

दुसऱ्या दिवशी दोरी सोडली आणि चौघांच्याही कानांवर हेडफोन! अण्णांनी हाका मारमारून केबिनची काच हलवली. आम्ही तिघं सगळं ऐकत होतो आणि माना खाली घालून ड्रॉइंग काढत होतो. गाणं लावायचीसुद्धा हिंमत नव्हती.

अण्णा रिकामं खोकं घेऊनच बाहेर आले. "टाका ह्यात! सगळी टाका! भट्टी पेटलेली हाय!"

आणि शिवलीला उठली. आजवर अण्णांसमोर तिनं तोंड उघडलेलं आम्ही बघितलं नव्हतं. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही तिथनं ओरडून मापं सांगताय, आम्ही अर्धी चुकीची लिहून घेतोय. मग तुम्ही परत ओरडताय. त्यापेक्षा जवळ येऊन सांगा. हात लावला की आम्ही हेडफोन काढतो."

शब्द खरा होता, म्हणून अण्णांना लागला. ते तिच्याकडं बघत राहिले, खोक्याकडं बघितलं, आणि म्हणाले, "बघू म्हैनाभर."

तो महिना काही संपला नाही. मालक स्वतः उठून टेबलापाशी येतोय, खांद्याला हात लावतोय, असं ऑफिस उद्यमनगरात दुसरं नव्हतं. मामांच्या टेबलापाशी तर अण्णा समोर जाऊन उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, खिडकीचं वारं आवडतंय त्यांना.

*

आणि मग तो दिवस. पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाईकाचे साहेब पंपाचं ड्रॉइंग पास करायला आले होते. काम मोठं होतं. साहेबांना ड्रॉइंग तपासणाऱ्या माणसाशीच बोलायचं होतं.

ते खोलीत आले आणि लाइट गेली.

खालची मशीनं थांबली, पंखा थांबला, कॉम्प्युटर बंद पडले. आम्ही सवयीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले होते. मामांनीही. ते उजेडासाठी खिडकीकडं तोंड करून, आमच्याकडं पाठ करून ड्रॉइंग बघत होते. रस्त्यावरच्या सायकलची घंटा ऐकू येईल इतकी शांतता.

"मामा!" जुन्या सवयीनं अण्णांनी हाक मारली.

मामा हलले नाहीत.

"मामा!"

खालच्या शॉपमधून कुणीतरी "ओ" दिली. मामा तसेच. साहेबांनी मामांच्या पाठीकडं बघितलं, मग अण्णांकडं. शिवलीलानं डोळे मिटून घेतले. रणजित मामांना हात लावायला अर्धा उठला, तर अण्णांनी त्याला नुसत्या बोटानं खाली बसवलं.

अण्णा चालत मामांच्या टेबलापाशी गेले. तिथला हेडफोन उचलला, मामांच्या डोक्यावर नीट बसवला आणि वळून म्हणाले, "बघा की साहेब! कानात हे घालून बसत्यात. हाका मारून घसा बसालाय माझा!"

हेडफोनची पिन निघून आली होती आणि मामांच्या गुडघ्यापाशी लोंबत होती. साहेबांनी पिनकडं बघितलं, बंद कॉम्प्युटरकडं बघितलं, वर पंख्याकडं बघितलं.

"अहो, पण लाइट गेलीय ना?"

"लाइट येती जाती, साहेब," अण्णा म्हणाले, "मामा जाग्यावरच असत्यात. ड्रॉइंग बघा तुम्ही!"