कैद्यांचे काका

ते काका मूळचे नगरचे, मराठी ख्रिस्ती. रेल्वेतून निवृत्त होऊन जयपूरच्या खातीपुऱ्यात स्थायिक झालेले. दर शनिवारी ते तिथल्या तुरुंगात जाऊन कैद्यांबरोबर प्रार्थना करत. कोणालाही गुन्हा विचारत नसत. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “घर में कौन-कौन है?” फाटकावरचा संतरी चिडवायचा, “काकाजी, अब यहीं कमरा ले लो.” ते हसून झडतीसाठी हात वर करत.

त्या मे महिन्यात माझा धाकटा भाऊ तिथे कच्चा कैदी होता. लाजेने तो भेटीला येतच नव्हता. आई तिसऱ्यांदा जाळीपुढे उभी राहिली आणि तिसऱ्यांदा आतून निरोप आला, “नहीं आएगा.” शेजारी उभ्या काकांनी तो ऐकला आणि ते आत गेले. वेळ संपायला पाच मिनिटं उरली असताना भाऊ आला. त्याने मान वर केली नाही, पण आईशी बोलला.

बाहेर आल्यावर आईने काकांना विचारलं, “काय सांगितलंत त्याला? देवाचं काही?”

“नाही हो ताई. आई दोन तास उन्हात उभी होती, एवढंच सांगितलं.”

आई त्यांच्या पाया पडायला वाकली. ते घाईने मागे सरले. म्हणाले, “पुढच्या शनिवारी लवकर या. रांग मोठी असते.”