वाळूच्या बोटीवरची खिचडी

लग्नकार्यात पाचशे माणसांचा स्वयंपाक सहज उरकणारी झुंबरबाई २००५ च्या पुरात नदीतली वाळू उपसायच्या बोटीवर रांधत होती. शिरोळकडे घराघरांत अडकलेल्यांना बोटवाला जोतीराम याच बोटीतून छावणीत आणायचा. घराबाहेर पडायला तयार नसलेल्यांना निदान खायला तरी मिळावं, म्हणून त्यानं तिला सोबत घेतलं.

इंजिनाच्या मागं चार फूट जागा. तिनं स्टोव्ह तारेनं फळीला आवळला. भाकरी थापायला जमेना, म्हणून सकाळी मुगाची खिचडी, दुपारी उकडलेले बटाटे. पातेलं अर्धंच भरायचं, नाहीतर बोट वळली की सांडायचं. प्यायचं पाणी जपायला तांदूळ छावणीतच धुऊन आणायचे.

नवऱ्याची तिला काळजी नव्हती. गणपतराव म्हसरं टेम्पोत घालून कागलला पाहुण्यांकडं गेला, असं शेजाऱ्यानं सांगितलं होतं.

तिसऱ्या दिवशी चौथ्या फेरीला डिझेल संपत आलं. जोतीरामनं इंजिन बंद करून बांबूनं बोट रेटायला घेतली, तेव्हा लांबून हाक आली.

"ओ पावणं! हिकडं बघा की!"

झुंबरबाई ताडकन उठली. "आमच्या मालकांचा आवाज हाय."

"मावशी, ते कागलला हाईत न्हवं?"

तिनं आवाजाच्या दिशेला हात केला. बाभळींच्या आड गोठ्याचा पत्रा तेवढा पाण्यावर होता आणि त्यावर गणपतराव गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

जोतीरामनं त्याला धरून बोटीत घेतलं. टेम्पो आलाच नव्हता. "म्हसरं सोडली," तो पुटपुटला. "तीन दिस तुमची बोट बघतोय. वरडून घसा बसला."

रोज चार फेऱ्या. इंजिनाच्या आवाजात अकरा वेळा ती शिजलेलं अन्न घेऊन त्याच्या समोरून गेली होती. झुंबरबाई जागची हलेना. त्यानं खिचडीत हात घातला, तशी ती भानावर आली आणि तिनं पातेलं मागं ओढलं.

"न्हाय! उपाशी पोटाला सोसायचं न्हाय."

पातळ पेज करून तिनं चमच्या-चमच्यानं पाजली.

छावणीतले डॉक्टर म्हणाले, धोका टळला. काय झालं म्हणून बायका विचारत राहिल्या, ती एवढंच म्हणे, "अकरा येळा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बोटीवर हजर. जोतीरामला म्हणाली, "हरेक वळणाला इंजिन बंद करायचं."

त्याच दुपारी एका माडीवरून रत्नव्वा नावाच्या एकट्या म्हातारीची बारीक हाक ऐकू आली. तिला पेज पाजता पाजता झुंबरबाईनं विचारलं, "किती येळा हाक मारली?"