धर, ताण, सोड

रुग्णालयाच्या धुलाईघरात मोठ्या चादरींची घडी घालायला दोन माणसं लागतात. इथे ती दोघं सख्खे भाऊ आहेत. समोरासमोर उभं राहून दिवसाला चारशे चादरी. परवापर्यंतच्या सहा वर्षांत थोरल्याला धाकट्याकडून तीनच शब्द ऐकायला मिळाले: धर, ताण, सोड. 'दादा' हा शब्द आई गेली त्या दिवसापासून बंद.

आई गेली तेव्हा खाटेजवळ कोणी नव्हतं. चार दिवस सलग बसलेला धाकटा आंघोळीला घरी गेला होता. थोरला सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाला, "तुला तेवढंही जमलं नाही?"

थोरला मुळात विचार करत बसणारा. इस्त्रीवरच्या मावशी चिडवायच्या, "जरा दमानं घ्या हो, डोक्यातून वाफ यायला लागली तुमच्या." पहिली दोन वर्षं त्याने आपलीच बाजू पक्की केली. तिसऱ्या वर्षी त्याला त्या सकाळचा फोन आठवला. "दादा, दोन तास येतोस का? अंगाला वास यायला लागलाय माझ्या." तो म्हणाला होता, "बघतो."

पुढची तीन वर्षं त्या एका 'बघतो'त गेली. काम होतं, ही सबब टिकली नाही. त्या दिवशी त्याला सुट्टी होती. तब्येतीची सबबही गळाली. शेवटी उरलं ते एवढंच: मरणाऱ्या आईचा चेहरा बघायची त्याला भीती वाटली होती, आणि ती झाकायला त्याने दोष भावावर ढकलला होता.

परवा दुपारी, चादर ताणलेली असतानाच, त्याने हे सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," धाकटा म्हणाला. "मला त्याच आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. मीही विचार केलाच की. गेल्या वर्षी संपला माझा. आता राग नाही."

"मग दादा म्हण."

धाकट्याने चादरीची सुरकुती झटकली. "येत नाही रे तोंडात. राग गेला, त्याच्याबरोबर बाकीचंही गेलं."

मग तो चार पावलं पुढे आला, टोकाला टोक जुळवलं आणि म्हणाला, "सोड."

थोरल्याची मूठ सुटली नाही.

"सोड म्हटलं ना," धाकटा म्हणाला. मागे गाडीत अजून दीडशे चादरी होत्या.