चार ओळींभोवतीची भाष्यं

इटलीतल्या एका ग्रंथालयात तिथल्या बाईंनी मला चर्चच्या कायद्याची मध्ययुगीन लॅटिन पोथी उघडून दाखवली. पानाच्या मधोमध जेमतेम चार ओळी होत्या : नवरा परागंदा झाला, तर बायकोने दुसरं लग्न करावं का? चारही समासांत पंडितांची बारीक अक्षरातली भाष्यं दाटली होती.

"मग काय ठरलं तिचं?" मी विचारलं.

"वाट बघायची. तो मेल्याची खात्री होईपर्यंत," त्या म्हणाल्या.

मला मावशी आठवली. तिचा नवरा बोटीवर गेला, तो परतलाच नाही. पुढे तिला मागणी आली, तेव्हा आजोबा बोलले, मामा बोलले. शिकलेली म्हणून मीही बोलले. मावशी दाराशी उभी राहून ऐकत होती. तुला काय हवंय, असं तिला मीसुद्धा विचारलं नाही.