रशीदचाचांच्या डोळ्यात उभी असलेली बाई

भुताखेतांच्या अनुभवांच्या या सदरात मी आजवर फक्त टिंगल करायला येत होतो. कुणी पांढऱ्या साडीतल्या बाईचं लिहिलं की खाली 'झोप पुरी घेत चला' असं लिहिणारा तो मीच. त्यामुळे आता हसायची पाळी तुमची... हसा, पण पूर्ण वाचून हसा.

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. रविवार तेवढा कॅमेऱ्याचा. आमचा सातारा-सांगलीकडच्या हौशी फोटोग्राफरांचा एक ग्रुप आहे. महिन्याला एकदा आपला सगळ्यात आवडता फोटो टाकायचा, तोही मूळ साइजमध्ये, आणि कसा काढला ते सांगायचं. टाकला की बाकीचे झूम करकरून त्याची चिरफाड करतात. माणसाचा फोटो असेल तर आधी डोळ्यात घुसतात. डोळा शार्प नसेल तर तुमची खैर नाही.

मागच्या हिवाळ्यात मी रहिमतपूरला रशीदचाचांचा फोटो काढला. चाचा गाद्या भरतात. खोलीला एकच दार, समोर रस्ता. सकाळचे अकरा वाजलेले, उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते आणि चाचा दाराकडे तोंड करून बसले होते. मी उंबऱ्यावर उभा राहून सात फोटो काढले. फ्लॅश नाही, पंच्याऐंशी एमएमची लेन्स. आम्ही दोघंच होतो. माझ्या पाठीमागे कुणी उभं राहणं शक्यच नव्हतं, कारण मोटरसायकल मी दाराला चिकटून लावली होती.

बोलता बोलता चाचांनी बायकोचं सांगितलं. जैनबचाचींना जाऊन वर्ष झालेलं. कॅमेरा दिसला की त्या पदर ओढून आत पळायच्या. घरात त्यांचा एक फोटो नाही. आधारकार्डावरचा तेवढा आहे, पण चाचा म्हणाले, त्यातली बाई कोण हे मलाच कळत न्हाई. आम्ही दोघंही हसलो. मग ते हसायचे थांबले आणि मला उगाच कसंतरी झालं.

फोटो ग्रुपवर टाकला, वाहवा झाली. अर्ध्या तासात मोहनरावांचा फोन. हे कुंडलचे, लष्करातून निवृत्त, आता ऊस करतात आणि चिरफाडीत सगळ्यात तरबेज.

"गड्या, फोटो लय झकास. पर संगट कोण हुतं रं? वहिनी व्हय?"

बायको तेव्हा सांगलीला माहेरी होती. मी लॅपटॉपवर चाचांचा डोळा मोठा केला. बुबुळात दाराची उजळ चौकट, त्यात कॅमेरा धरलेला मी – आणि माझ्या उजव्या खांद्यामागे एक बाई. डोक्यावर पदर. चेहरा काळा, पण नाकाची कड स्पष्ट. दुसऱ्या डोळ्यातही तीच. सातही फोटोंत.

मी घाबरलो नाही... खोटं कशाला बोलू, घाबरलो. लेन्स तपासली. दुसऱ्या कॉम्प्युटरवर पाहिलं. रहिमतपूरला जाऊन ते दार बाहेरून बघून आलो. पडदा नाही, खांब नाही, झाड नाही. दुकानात एकाचं औषध दुसऱ्याला देता देता वाचलो. आणि मग डोक्यात आलं की ही चाचीच असणार! जन्मभर फोटो काढू न दिलेली बाई नवऱ्याच्या डोळ्यात सापडली. भीती पळाली, मी चक्क हरखलो. आणि तिथंच घाई केली. चाचांना फोन करून सांगून बसलो की चाचींचा फोटो मिळालाय.

पुढच्या रविवारी गेलो तर चाचा दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेले. भिंतीवर खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. मी प्रिंट हातात दिला. डोळा जेवढा मोठा करता येईल तेवढा केला होता, त्यापुढे नुसते चौकोन दिसत होते. चाचा चष्मा लावून दारात उजेडाला गेले. बराच वेळ प्रिंटकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही जैनब न्हाई."

मी समजावायला लागलो की चेहरा अंधारात आहे, म्हणून तुम्हाला तसं वाटतंय.

"आरं, जैनब माज्या खांद्याला बी लागत नव्हती. ही तुज्यापरास उंच हाय. आनि माजी बायकू माज्या दारात आली, तर माज्याकडं बघंल का न्हाई? हिचं नाक बघ, ही तुज्याकडं बघतीया."

प्रिंट त्यांनी मला परत दिला आणि खिळा उपटायला गेले. रागावले नाहीत, याचंच जास्त वाईट वाटतं. एवढ्या आशेनं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला मी काय दिलं, तर दुसरीच कुणीतरी बाई.

आमच्या घरात एवढी उंच बाई कधी कुणी नव्हती. ना आई, ना आजी, ना मावशी. ग्रुपवरच्या जाणत्यांचे प्रतिबिंबाचे, लेन्सचे सगळे हिशेब मांडून झाले, एकही जुळला नाही. मोहनराव म्हणतात, पुसून टाक की फाइल. पुसून काय होणार आहे?

त्या दिवशी मी निघताना चाचांनी हळूच विचारलं होतं, "कवापासनं हाय रं ती तुज्या मागं?"

माझ्याकडे बारा वर्षांत काढलेले माणसांचे फोटो आहेत, सगळे मूळ साइजमध्ये. अजून एकाचाही डोळा मोठा करून पाहायची माझी हिंमत झालेली नाही.