रुखवताची अकरा ताटं

व्हिडिओतली बाई चार मिनिटांत ताट रंगवते. स्टीलचं साधं ताट, त्यावर काळा रंग, मग कान साफ करायच्या काडीनं पांढरे, पिवळे, निळे ठिपके. मधून सुरू होतात आणि गोल गोल काठापर्यंत जातात. शेवटी ती ताट गालाशी धरून हसते. तिच्या एकाही नखाला रंग लागलेला नसतो. मला त्या बाईचा पहिल्या दिवसापासून राग होता आणि तरी मी तो व्हिडिओ वीसेक वेळा पाहिला असेल. घरात पडून असलेली भांडी नवी करा, असं ती सारखं म्हणायची. पडून असलेली भांडी माझ्याकडे होतीच.

माझं लग्न साडेतीन वर्षं टिकलं. मी इंझोरीला, माहेरी परत आले आणि त्यानंतर सात-आठ महिन्यांनी माझं सामानही आलं. छोट्या टेम्पोत कपाट, पलंग, मिक्सर आणि भांड्यांची दोन पोती. घेऊन येणाऱ्यानं यादीवर बाबांची सही घेतली आणि चहाला न थांबता निघून गेला. कपाट, पलंग आमच्या घरात मिसळून गेले. मिक्सरवर आईनं दुसऱ्याच दिवशी चटणी वाटली. भांडी मात्र मिसळेनात, कारण त्यांच्यावर नावं होती.

लग्नाची भांडी घेतली की दुकानातच एक माणूस मशीन घेऊन बसलेला असतो. कर्र करत तो स्टीलवर बारीक टिंबांची अक्षरं उमटवत जातो. लोक फार तर नवरीचं नाव आणि तारीख टाकतात. माझ्या आईला हौस दांडगी. तिनं दोघांचीही नावं टाकायला लावली आणि मध्ये बदाम. ताटांवर, वाट्यांवर, तांब्यांवर, सगळीकडे माझं नाव, बदाम, त्याचं नाव. चमच्यांवर जागा पुरेना म्हणून तिथं नुसताच बदाम. त्या माणसानं कंटाळून मान वर केली तेव्हा आई त्याला म्हणाली होती, "टाक बाबा, जलमाचं काम हाय."

सामान परत आल्यावर एकदा गडबडीत बाबांना त्यातल्याच ताटात वाढलं गेलं. नाव नेमकं त्यांच्या समोर होतं. बाबांनी ताट हळूच फिरवलं, नाव पलीकडच्या बाजूला गेलं, आणि ते खाली बघून जेवले. दुपारी आईनं ती सगळी भांडी पुन्हा पोत्यात भरली आणि पोती मागच्या खोलीत धान्याच्या कोठीमागे ढकलली. मोडीत घालायचा विषय कधी निघाला नाही. मला वाटतं, मोडवाल्यासमोर ती नावं वाचली जातील याचीच सगळ्यांना धास्ती होती.

धाकटीचं लग्न ठरलं आणि रुखवताची चर्चा सुरू झाली. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मुलगा मंगरूळपीरचा, कार्यालय तिथलंच. मी घरी ब्लाऊज शिवते, हाताला वळण आहे असं गावातल्या बायका म्हणतात, त्यामुळे रुखवत माझ्याकडे येणार हे न सांगताच ठरलेलं होतं. खरं सांगायचं तर माझ्या वाट्याला दुसरं कुठलं काम येणारच नव्हतं. हळद लावायला, ओटी भरायला, करवली म्हणून उभं राहायला माझं नाव कोणी घेत नव्हतं. कोणी घेऊ नका असंही म्हणत नव्हतं. सगळे फार सांभाळून बोलत होते आणि त्या सांभाळण्याचाच मला वीट आला होता.

म्हणून एका दुपारी मी आईसमोर मोबाईल धरला आणि म्हटलं, माझी बारा ताटं रंगवू, रुखवतात पायऱ्या करून मांडू.

आईनं व्हिडिओ पाहिलाच नाही. "ते ताटं नको," म्हणाली.

"काहून नको? नाव दिसनार नाई. सगळ्यावर रंग येते."

"दुसरे घेऊ ना नवे."

"नवे घेऊन रंगवाचे अन् हे कोठीमांगं सडू द्याचे?"

आई धाकटीकडे बघायला लागली. धाकटी दारात उभी राहून केस विंचरत होती. तिनं फणीतले केस काढले, बोटाला गुंडाळले आणि मग म्हणाली, "ताई करते म्हनते तर करू दे ना. तिच्या हातचं चांगलंच होईन."

मी हे वाक्य किती दिवस मनात जपून ठेवलं होतं ते सांगायला आता लाज वाटते. मला ती ताटं तिच्या घरी जायला हवी होती. रुखवतात मांडली जाणं हा पहिला भाग. पण नंतर ती तिच्या भिंतीवर लागावीत, कोणी आलं की तिनं म्हणावं, माझ्या ताईनं केलेत. माझ्या लग्नातलं काहीतरी एखाद्या चांगल्या घरात उपयोगी पडावं, एवढीच माझी इच्छा होती. ती मी कोणाला बोलून दाखवली नाही, पण लपलीही नसावी.

पहिलं ताट वाया गेलं. व्हिडिओतल्या बाईनं सांगितल्याप्रमाणे नुसता रंग दिला, वाळल्यावर बोट फिरवलं तर पापडासारखा पापुद्रा निघून आला. खालून बदाम चकचकीत. मानोऱ्याच्या हार्डवेअरवाल्यानं पॉलिश पेपर दिला, आधी घासा म्हणाला. घासून स्टील खरबरीत झालं, रंग धरायला लागला, पण नावं जाईनात. मशीननं पाडलेली टिंबं, ती वरवर घासून कशी जातील. रंगाचे दोन हात दिले तरी तिरप्या उन्हात ताट धरलं की अक्षरं उठून दिसायची. त्या बाईच्या ताटावर कोणाचं नाव नव्हतं, तिला काय फरक पडतो.

शेवटी गाड्या रंगवणाऱ्या पेंटरकडून लांबी आणली. ठोकर लागलेल्या गाडीचे खड्डे बुजवायला ते लोक जी लुकण लावतात ती. पत्र्याच्या तुकड्यानं ती नावावर ओढायची, वाळू द्यायची, पुन्हा घासायची. बारातलं एक ताट गेलं होतं, अकरा उरली होती. अकरा ताटं, प्रत्येकावर दोन नावं. मी प्रत्येक ताटावर आधी माझं नाव बुजवलं, मग बदाम, मग त्याचं. असं मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. डावीकडून काम सुरू होतं आणि मी डावीकडे होते. तिसऱ्या-चौथ्या ताटाला हे माझ्या लक्षात आलं तेव्हा हात थांबला आणि थोडा वेळ मला खूप वाईट वाटलं. मग लांबी घट्ट व्हायला लागली म्हणून पुन्हा ओढायला घेतली.

ठिपके द्यायला धाकटी बसायची. काडेपेटीच्या काड्या, भरतकामाच्या सुईचं मागचं टोक, पेनचं टोपण, सगळ्याचे वेगवेगळे ठिपके पडतात. पडवीत दोघी समोरासमोर बसून आम्ही दहा-बारा दुपारी काढल्या. इतक्या दुपारी आम्ही एकत्र कधी बसलो होतो ते मला आठवत नाही. ती सासरच्या घराचं सांगायची, ओट्याची फरशी कुठल्या रंगाची आहे, नणंद किती बडबडी आहे. मध्येच एकदा तिनं विचारलं, "ताई, तुले तिथं सुरुवातीले आवडत होतं का?"

मी म्हटलं, "सुरुवातीले सगळ्याइले आवडते."

तिचा हात तसाच थांबला. मला वाटलं, मी काय बोलून बसले. विषय बदलायला मी म्हटलं, ठिपके मोठे होऊन राह्यले, काडी बदल. तिनं काडी बदलली. ताट पुरं झालं की ती ते उचलून दाराच्या उजेडात तिरपं धरायची आणि विचारायची, "याच्यावर काही दिसते का?" मी म्हणायची, नाही. ती पुन्हा दुसऱ्या बाजूनं धरायची. मला तिच्या चिकाटीचं कौतुक वाटत होतं. वाटायचं, मी केलेल्या कामाचं सासरी हसू होऊ नये म्हणून ही एवढी काळजी घेते आहे.

लग्नाच्या दिवशी ताटांनी टेबल गाजवलं, यात खोटं नाही. तीन पायऱ्यांवर अकरा ताटं, काळी, गर्द निळी, मरून. नवरदेवाकडच्या मुली त्यांच्यासमोर उभ्या राहून फोटो काढत होत्या. विहीणबाईंनी एक ताट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग विचारलं, "कोनं केले हे?"

आई म्हणाली, "आमच्या मोठीनं." तिच्या आवाजात अभिमान होता, मी तो ऐकला. पण लगेच कोणीतरी पाच सवाष्णींना हाक मारली आणि मी समोरचा पाण्याचा जग उचलून स्वयंपाकाकडे गेले. कोणी जा म्हणायच्या आत जायची मला सवय झाली आहे.

रुखवत आवरायला घेतलं तेव्हा ताटं मी स्वतः बांधली. प्रत्येक ताटाला वर्तमानपत्र, मध्ये जुन्या ओढणीचे तुकडे, आणि सगळं एका खोक्यात. खोकं धाकटीच्या सामानाजवळ ठेवलं. पाठवणीची गडबड सुरू झाली. सामानाचा टेम्पो भरून झाला, गाडी सजलेली उभी होती. मी धाकटीची राहिलेली पर्स आणायला खोलीत गेले तर खोकं तिथंच, पण सामानाजवळ नाही. कोपऱ्यात, कार्यालयाच्या घडी केलेल्या सतरंज्यांमागे. मला वाटलं, उचलताना कोणीतरी सरकवलं आणि विसरलं. पर्स खांद्याला लावली, खोकं उचललं आणि पळत बाहेर आले.

"थांबा, एक राह्यलं," मी टेम्पोवाल्याला ओरडून सांगितलं. त्यानं फळी पुन्हा उघडली.

तेवढ्यात आई मध्ये आली. तिनं खोक्यावर हात ठेवला. "राहू दे."

"अवं, ताटं हायेत. सुटून गेले असते."

"सुटले नाई." आई इकडे-तिकडे बघून हळू बोलत होती. "तिनंच सांगतलं मले काल. मांडाले मांडू, म्हने, ताईचा हिरमोड नको कराले. पन संगं नको देऊ. तिले धाकधूक वाटते, पोरी. नवा संसार हाय."

मी गाडीकडे पाहिलं. धाकटी मागच्या सीटवर बसली होती, काच खाली होती. तिनं माझ्या हातातलं खोकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. नवरीनं घालावी तशीच घातली होती, बाकी कोणाला काही वेगळं वाटलं नसेल. मी तिची पर्स खिडकीतून आत दिली. तिनं माझी बोटं घट्ट धरली.

मला तेव्हा कळलं की उजेडात ताट तिरपं धरून ती काय शोधत होती. नाव दिसत नव्हतं, मला दिसत नव्हतं, विहीणबाईंना दिसलं नाही. पण ते कुठे आहे हे तिला ठाऊक होतं. त्याच्यावर ठिपके तिनंच दिले होते. तिच्या भिंतीवर ताट टांगलं असतं तर रोज सकाळी तिची नजर नेमकी त्याच जागेवर गेली असती. मला राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे तो काढायला जागा सापडेना. माझं लग्न मोडलं नसतं आणि तिचं मोडलं असतं, तर तिची ताटं मी तरी घरात घेतली असती का? मी खूप विचार करून पाहिला. नसती घेतली.

गाडी निघाली. बायका रडायला लागल्या, आई बाबांच्या खांद्याला धरून रडत होती. मीही रडले, हुंदके देऊन, लोक बघत असताना. नात्यातली एक मावशी जवळ आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत दुसरीला म्हणाली, "लय जीव व्हता वं हिचा बहिनीवर." मग ती मला म्हणाली, "दे बाई ते खोकं इकडं, हात दुखून आले असतीन." मी मान हलवली आणि ते आणखी घट्ट धरलं.