मामांना सांगायचं राहिलेलं

मेलेल्या माणसांना निरोप नेऊन देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. वर्ध्याजवळच्या एका मेडिकल कॉलेजात, देहदान केलेल्यांना जिथे ठेवतात त्या डिसेक्शन हॉलवर मामा अटेंडंट होते. दवाखान्यात तसा प्रत्येक अटेंडंट मामाच असतो, पण नुसतं 'मामा' म्हटलं की सगळ्यांना हेच आठवायचे. त्यांच्यासमोर 'बॉडी' म्हणायची सोय नव्हती. "बॉडी ट्रकची राह्यते. हे माणसं हायेत. आजी म्हण, बाबा म्हण," असं ठणकावायचे. मी कारंजा घाडगेची, हायवेवर ट्रकचे स्पेअर पार्ट विकणाऱ्या दुकानदाराची मुलगी, त्यामुळे मला हे सुनावताना त्यांना जरा जास्तच चेव यायचा.

आम्ही पाच-सहा इंजिनिअर तिथे एका कॅथेटरवर, म्हणजे रक्ताच्या बंद नळीत सरकवून टोकाच्या फुग्यानं ती उघडायच्या बारीक नळीवर, काम करत होतो. रक्ताच्या नळीत चुना साचून ती दगडासारखी झाली की साधा फुगा तिला उघडू शकत नाही. एक तर फुगा फाटतो, नाहीतर नळी. आमच्या कॅथेटरच्या टोकाच्या फुग्यात पाणी असायचं आणि पाण्यात दोन तारांची टोकं. त्यांच्यात ठिणगी पडली की पाण्यातून धक्क्याची लाट निघते, मऊ भागाला इजा न करता पुढे जाते आणि चुन्याला तेवढे तडे पाडते. बाबांना हे समजावलं तर म्हणाले, "म्हणजे स्पार्क प्लगच की वं!" एवढं शिकून शेवटी आपण बापाच्याच धंद्यात आलो, हे मला त्या दिवशी कळलं.

असं यंत्र परदेशातून येतं, पण ते आपल्याकडच्या सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही, म्हणून आमची खटपट. चाचणीसाठी खऱ्या नळ्या लागत आणि त्या मामांच्या हातून मिळत. देण्याआधी ते नखानं टकटक करून बघायचे. "हा पापड," "हे अंड्याचं टरफल," "अन् हा गोटा हाय, गोटा! सांभाळून." नंतर स्कॅन करून आम्ही तेच तीन पानांत लिहायचो.

चाचणी संपली की मामा दारात हजर. "काय झालं ते सांगजो. तिकडं सांगा लागते." मग हॉलमध्ये जाऊन, ज्याची नळी होती त्याच्या टेबलापाशी वाकून, चादर नीट करत दोन वाक्यांत निकाल सांगायचे. पोरं हसायची. मामा म्हणायचे, "ज्यानं देल्लं त्याले माहीत नको का, कामी आलं का नाई?"

एकदा माझा फुगा ठिणगीसरशी फुटला. घाईत होते, वैतागले होते; मामांना म्हटलं, "झालं सगळं नीट." दुसऱ्या दिवशी सफाई करताना त्यांना कचऱ्यात तो फाटका फुगा सापडला. माझ्यापुढे धरून म्हणाले, "मी काल आजीले सांगून आलो का तिची नळी कामी आली. आता? जित्या माणसाशी खोटं बोललं तर तो उद्या भांडायले येते. हे कुठून येईन?" आणि हाताला धरून मला टेबलापाशी नेलं. "खोटं तू बोलली, तूच निस्तर." मला हसूही येत होतं आणि लाजही वाटत होती. कसंबसं म्हटलं, "आजी, मी खोटं बोलले. फुगा फुटला." मामांनी मान हलवली. "झालं. आता हात धू अन् कामाले लाग." त्यानंतर मी कुठल्याही चाचणीचा निकाल फुगवून सांगितला नाही, मोठ्या साहेबांनासुद्धा.

मामा आधी पुलगावच्या कापडगिरणीत होते, आताही रोज तिथूनच गाडीनं यायचे. त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे गोष्टी ऐकायच्या. दर शंभर पावलांवर थांबणार, भिंतीला हात टेकवणार आणि सुरू होणार, "एकदा का नाई, आमच्या मिलमंधी..." गोष्ट संपली की पुढे. बोलघेवडे आहेत म्हणून आम्ही त्यांची चेष्टा करायचो. चालता चालता एकही गोष्ट त्यांनी कधी सांगितली नाही, हे आमच्यातल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. पायाच्या बंद नळ्यांवर रात्रंदिवस बोलणारे आम्ही, आणि आमच्यासोबतचा माणूस पोटरी आवळून येते म्हणून थांबत होता! आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कळलं तेव्हा पायाचा अंगठा काळा पडला होता. गुडघ्यामागची नळी पूर्ण बंद. सर्जननी साधा फुगा घालून पाहिला, तो तसूभरही फुगेना. हृदय इतकं कमजोर की बायपास झेपणार नव्हतं. परदेशी यंत्र मागवायचं तर सडत चाललेला पाय तेवढा वेळ देणार नव्हता.

मामा मला म्हणाले, "तुही नळी टाक ना वं माह्या पायात. मी सही करून देतो."

जिवंत माणसात वापरायची परवानगी आमच्या कॅथेटरला नव्हती. अशी परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या समितीच्या दारात मी जाऊन बसले, विनवण्या केल्या, भांडलेसुद्धा. ते नाही म्हणाले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही नाहीच म्हटलं असतं. तेवढा पुरावा आमच्याकडे नव्हता. हे मामांना सांगितलं तर ते उलट माझीच समजूत घालू लागले. "कायदा हाय. कायद्यानंच होऊ दे." मग म्हणाले, "पाय तं कापूनच राह्यले. मंग थो तरी तू घे. जाळू नको देऊ."

रीतसर सही झाली. मांडीपासून कापलेला पाय आमच्या टेबलावर आला. नखानं टकटक करणारं कुणी नव्हतं, मीच केली. गोटा होता. पहिल्या फेरीत फुगा मधोमध चिमटलेलाच राहिला. दुसऱ्या फेरीत ठिणग्या पडता पडता तो हळूच गोल झाला आणि सोडलेलं पाणी नळीतून सरळ पलीकडे निघालं. आमच्या आजवरच्या चाचण्यांतली ती सगळ्यांत चांगली. सोबतच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकून रडले.

वॉर्डात मामा वाटच बघत होते. मी आत पाऊल ठेवताच विचारलं, "काय झालं? सांगजो."

खरं सांगितलं असतं तर त्याचा अर्थ एकच होता, की पाय वाचला असता. मी त्यांच्या चादरीखालच्या सपाट जागेकडे बघितलं आणि म्हटलं, "नाही उघडली, मामा."

माझे डोळे भरले होते. त्यांना वाटलं, काम फसलं म्हणून रडते आहे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "काऊन रडून राह्यली वं पोरी? लय टणक असन. पुढच्या माणसाची उघडन." पाय गेलेला माणूस मला धीर देत होता, आणि मी तो मुकाट्यानं घेतला.

पुढचे चार महिने मी दर आठवड्याला पुलगावला गेले, आणि दर वेळी खरं काय ते ओठांवर येऊन राहिलं. देहदानाचा फॉर्म त्यांनी केव्हाच भरला होता. आता धास्ती एकच, "एक पाय नसलेला घेतीन ना वं मले?" हृदय थांबलं तेव्हा घरचे देहदानाला नको म्हणत होते, मामीनं त्यांचं काही चालू दिलं नाही. मामा हॉलवर आले. त्यांना घेतलं.

आठ दिवस मी त्या हॉलकडे फिरकले नाही. नवव्या दिवशी गेले. चादर एका बाजूनं सरकली होती, ती नीट केली आणि वाकून म्हटलं, "मामा, मी खोटं बोलले. तुमची नळी उघडली होती. दुसऱ्या फेरीत, पूर्ण."

मग किती तरी वेळ तिथेच उभी राहिले. हात धू अन् कामाले लाग, असं म्हणायला हॉलमध्ये कुणी नव्हतं.